हातावरचं घर

उजवा हात उघडून तळव्याकडे बघा. रिकामा दिसतो, पण त्यावर लक्षावधी जिवाणू राहत असतात. ते सगळेच काही तुमचे एकट्याचे नसतात. काही आईकडून आलेले असतात, काही धाकट्या भावाकडून, काही दाराच्या कडीवरून, तर काही घरातल्या मांजराकडून. एका छपराखालची माणसं भांडली, त्यांनी अबोला धरला, तरी ही देवाणघेवाण थांबत नाही. म्हणून प्रत्येक घरातल्या जिवाणूंचं मिश्रण थोडं वेगळं असतं, जसा प्रत्येक घरच्या मसाल्याचा वास वेगळा असतो.

शास्त्रज्ञांना हे बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. पुढे ते मिश्रण वाचणारं, टेबलावर मावेल एवढं यंत्र निघालं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. परभणीच्या न्यायसहायक विज्ञान महाविद्यालयातली मुलं त्याला नुसतं ‘संगत’ म्हणत. कापसाचा बोळा हातावरून आणि गालाच्या आतून फिरवायचा, नळीत घालायचा आणि नळी यंत्रात ठेवायची. चहा पिऊन येईपर्यंत ‘संगत’ सांगे, की हा माणूस अलीकडे कोणत्या घरात वावरला आहे. मात्र त्या घराचा नमुना यंत्राकडे आधीपासून असायला हवा. म्हणून राज्यात कोणी बेपत्ता झालं, की पोलीस तक्रारीबरोबर घरातल्या ओट्याचा आणि दाराच्या कडीचाही बोळा घेत.

या यंत्राला एक मर्यादा होती. माणूस घर सोडून दुसरीकडे राहू लागला, की नव्या जागेचे जिवाणू हळूहळू जुन्यांची जागा घेत. काही आठवड्यांत हातावरचं घर पुसट होई, आणि मग यंत्रालाही ते दिसत नसे.

हेमांगी भारंबे याच महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. ती भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली. वडील इंजिनच्या शेडमध्ये, आई रेल्वेच्या शाळेत शिक्षिका. ही शाखा घेतली तेव्हा नातेवाइकांनी पोरगी प्रेतं कापणार का, असं विचारून घेतलं होतं. तिने प्रत्येकाला शांतपणे समजावलं, की कोणी खोट्या सह्या ओळखतं, कोणी मोबाइलमधून पुसलेलं परत आणतं, कोणी दुधातली भेसळ पकडतं, कोणी आग कुठून लागली ते शोधतं, आणि कोर्टात उभं राहून ‘मला हे माहीत आहे आणि हे माहीत नाही’ असं सांगणं हेही त्याच कामात येतं. नातेवाइकांना त्यातलं फारसं पटलं नाही. पण पुण्याच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली, तेव्हा मात्र सगळ्यांना पटलं.

ती कंपनी लग्नाआधीच्या तपासण्या करायची. मुलगा सांगतो त्याच घरात राहतो का, घटस्फोट झाला म्हणणाऱ्या नवराबायकोची घरं खरंच वेगळी आहेत का, हे ‘संगत’ लावून सांगायची. पगार चांगला होता. हेमांगीच्या वडिलांनी शेडमध्ये पेढे वाटले होते.

शेवटच्या सत्रात विद्यार्थ्यांना खरी प्रकरणं मिळत. हेमांगीच्या वाट्याला सरकारी रुग्णालयातल्या एक आजीबाई आल्या.

बस स्टँडवर त्या चक्कर येऊन पडल्या होत्या. नाव सांगता येत नव्हतं, गाव सांगता येत नव्हतं. मराठी बोलत, पण वाक्य अर्ध्यात सुटून जाई. बोटांचे ठसे कामाने झिजलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चेहरा पडल्यामुळे सुजलेला. आधारची यंत्रं थकली. राज्यातल्या बेपत्ता माणसांच्या यादीतही त्यांच्यासारखं कोणी सापडलं नाही. वॉर्डातल्या नर्स त्यांना नुसतंच ‘माय’ म्हणत.

हेमांगी नमुना घ्यायला गेली तेव्हा माय खाटेवर ताठ बसून दाराकडे बघत होत्या. तिने आपण कोण, कशासाठी आलो, हे दोनदा सांगितलं. मग मास्क लावला, हात धुतले, हातमोजे चढवले आणि त्यांचा तळवा हातात घेतला.

“गाडी लागली का?” मायने विचारलं.

“कुठली गाडी, आजी?”

माय विचारात पडल्या. उत्तर जिभेवर आलं होतं आणि तिथूनच परतलं, असं त्यांच्या तोंडावर दिसलं. मग त्यांनी तळवा आणखी थोडा उघडला, लहान मुलं खाऊसाठी उघडतात तसा. हेमांगीने बोळा फिरवला, गालाच्या आतून दुसरा घेतला, नळ्यांवर सही केली.

निघताना नर्सने सांगितलं, की सोमवारी मायला नागपूरच्या निराधार गृहात हलवणार आहेत. रुग्णालयात जागा नव्हती आणि त्यांना आता कुठलं दुखणंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विभागप्रमुख वाघमोडे मॅडमनी हेमांगीला बोलावलं. नलिनी वाघमोडे आवाज चढवत नसत, आणि मुलं त्यालाच जास्त घाबरत. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. मायचा नमुना राज्यातल्या एकाही बेपत्ता माणसाच्या घराशी जुळला नव्हता. एकच घर जुळलं होतं. भारंबे, रेल्वे कॉलनी, भुसावळ.

हेमांगीला क्षणभर कळेना, की आपल्या घराचं नाव इथे कसं आलं.

ते आलं होतं वगळणी संचातून. ही प्रयोगशाळांची जुनी पद्धत आहे. तपासणाऱ्याच्याच हातचे जिवाणू नमुन्यात मिसळले, तर भलत्याच माणसावर बोट दाखवलं जाऊ शकतं. म्हणून तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताचा आणि घरच्या ओट्याचा नमुना आधीच देऊन ठेवायचा. पुराव्यात तो दिसला, की यंत्र समजतं, ही तपासणाऱ्याची चूक आहे. ते निकालावर ‘दूषित’ असा शेरा मारतं आणि ती जुळणी फेकून देतं. महाविद्यालय, हॉस्टेल आणि रुग्णालय इथले नमुनेही यंत्राकडे असत, तिथल्या माणसांसकट आणि जनावरांसकट.

मॅडमनी एकेक गोष्ट विचारली. मास्क लावल्यावर केस मागे सारले का? घरून डबा आला होता का? कोट कुठे टांगला होता? हेमांगीला सगळं आठवत होतं, आणि प्रत्येक उत्तरानंतर तिचा स्वतःवरचा विश्वास थोडा थोडा कमी होत होता.

“दुसरा नमुना घेऊ या, मॅडम.”

“आज सकाळीच मी घेतला. पण काल रात्री नर्सनी त्यांना जंतुनाशकाने आंघोळ घातली, तोंडही औषधाने धुतलं. त्यात वॉर्ड आला. शेजारची खाट, नर्स, रुग्णालयाची खिचडी. बाईंचं घर गेलं त्यांच्या हातावरून.” मॅडमनी चष्मा काढून ठेवला. “मान्य कर. हातमोज्यांचं प्रशिक्षण परत करशील आणि शेरा पुसला जाईल. चुका होतात. पण ‘माझी चूक नाही’ म्हणालीस, तर चौकशी बसेल. ती सुरू असेपर्यंत पुण्याची कंपनी थांबणार नाही. आणि चौकशीत चूक निघाली, तर हे सत्र गेलं.”

“आणि मान्य केलं तर आजींचं काय?”

“मग नमुना रद्द. त्या नागपूरला जातील.”

हेमांगीने विचार करायला संध्याकाळपर्यंतचा वेळ मागितला.

हॉस्टेलच्या खोलीत तिची मैत्रीण प्रज्ञा ढगे कपड्यांच्या घड्या करत होती. प्रज्ञा सायबरची. तिच्या पुराव्याला हात लावला तरी बिघडत नाही, असं ती सगळ्यांना ऐकवायची. सगळं ऐकून घेतल्यावर तिने हेमांगीला मान्य करून टाकायचा सल्ला दिला. पुण्यात राहायची सोय झाली, की आपण आठवड्याला फुकट जेवायला येऊ, हेही सांगितलं.

“पण मी चुकलेच नाही असं वाटतंय.”

“वाटतंय हे काय कोर्टात सांगणार आहेस?”

प्रज्ञा चिडवायला म्हणाली, पण हेमांगी उठून बसली. खरंच, वाटण्याचा इथे काय संबंध? नमुन्यावर आपला हात लागला असेल, तर आपल्या हातावर आज जे आहे तेच तिथे गेलं असणार. मग हातावर आज काय आहे ते बघू या.

ती प्रयोगशाळेत परत गेली. मॅडमच्या समोरच तिने स्वतःचा तळवा, ओठ, केस आणि कोटाची बाही यांवरून बोळे घेतले आणि यंत्रात लावले. घरी जायला निघालेल्या मॅडम थांबल्या.

निकाल आला. हेमांगीच्या हातावर हॉस्टेल होतं. प्रज्ञा होती, अगदी ठळक. मेसचं पिशवीतलं दही होतं, ग्रंथालयाची टेबलं होती, जिन्याखाली राहणारी कुत्रीसुद्धा होती. भुसावळचं घर नव्हतं. परीक्षेमुळे ती दिवाळीलाही घरी गेली नव्हती. आई, बाबा, ओटा, सगळं निघून गेलं होतं, आणि तिला ते कळलंही नव्हतं.

तिने पडद्यावरची ती रिकामी जागा पुन्हा एकदा नीट पाहिली. वाद जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

“माझ्या हातावर घरच नाही, मॅडम,” ती म्हणाली. “मग मी ते आजींना कुठून देणार? मी नमुना बिघडवला असता, तर त्यात प्रज्ञा दिसली असती.”

मॅडमनी दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघितले. मायच्या नमुन्यात प्रज्ञा नव्हती, कुत्री नव्हती. आणखी एक गोष्ट होती, जी सकाळी कोणी पाहिली नव्हती, कारण ‘दूषित’ हा शब्द आला, की पुढचं वाचायचं नाही अशी सगळ्यांना सवय होती. जुळणी भारंब्यांच्या माणसांशी नव्हतीच. ती फक्त त्यांच्या ओट्याशी होती. त्यातही दूध आंबवणाऱ्या जिवाणूंच्या एका कुळाशी.

“वगळणीचा हा नियम मीच बसवलाय इथे,” मॅडम सावकाश म्हणाल्या. “आणि माझ्यामुळेच तुम्ही पुढचं वाचत नाही.” त्यांनी खुर्ची ओढली. “ठीक आहे. तुझा हात लागला नाही, हे दिसतंय. पण तेवढ्यावर त्या बाईंचं घर सापडत नाही. त्या तुमच्या घरात कधी आल्या होत्या?”

हेमांगीने त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. तिने तिथूनच आईला फोन लावला.

तिची आई शैलजाबाई शाळेतून नुकत्याच घरी आल्या होत्या. पोरीने दह्याबद्दल विचारल्यावर आधी त्यांना वाटलं, पोट बिघडलं.

“जेवली का व नीट? ते मेसचं दही खाऊ नको, आंबट असते.”

हेमांगीने आपण ठीक असल्याचं सांगून विचारलं, की आपल्या घरातलं विरजण कुठून आलं. आई म्हणाल्या, कुठून म्हणजे, आजीकडून. आजीने लग्नात दिलं होतं, आणि एवढ्या वर्षांत ते एकदाही तुटू दिलं नव्हतं.

इथे थोडं थांबून विरजणाचा विचार करायला हवा. कालच्या दह्यातला चमचाभर आज दुधात घालायचा, आजच्यातला उद्या. दही रोज संपतं, पण त्यातले जिवाणू संपत नाहीत, त्यांची लेकरं-नातवंडं पुढच्या भांड्यात जातात. रोज विरजण लावणाऱ्या हाताचेही काही त्यात मिसळतात आणि टिकतात. त्यामुळे एका घरचं विरजण दुसऱ्या घराच्या विरजणासारखं नसतं.

“आई, तू ते कोणाला दिलं होतंस?”

आई हसल्या. कोणाला नाही दिलं ते विचार, असं म्हणाल्या. रेल्वे कॉलनीत माणसं टिकत नाहीत. बदली आली, की सामान बांधायचं आणि निघायचं. मग भुसावळच्या बायकांनी एक रीत पाडून घेतली होती. जाणाऱ्या घराला शेजारणीने विरजण द्यायचं. स्वच्छ फडक्याला दही लावून ते सावलीत वाळवायचं आणि घडी करून द्यायचं. नव्या गावात पोचलं, की ते फडकं कोमट दुधात बुडवायचं. पहिल्या दिवशी दही पातळ लागतं, चौथ्यापासून जमतं. तिथे कोणी ओळखीचं नसलं, तरी ताटात ओळखीचं काहीतरी असतं.

मॅडम फोनजवळ सरकल्या होत्या. “म्हणजे आपलं यंत्र ज्याला सहवास म्हणतं, तो फडक्यातूनही जातो,” त्या पुटपुटल्या.

हेमांगीने विचारलं, की अलीकडे बदली होऊन गेलेल्यांपैकी कोणाच्या घरी म्हातारी आई आहे का, विसरभोळी. आईने नावं आठवायला सुरुवात केली. चौधरी इटारसीला गेले, त्यांच्या घरी कोणी म्हातारं नाही. सूर्यवंशी नाशिकला. तायडे काझीपेठला. सुनंदा तायडेची सासू मात्र गावाकडे एकटी असायची, तिचं विसरणं वाढलं म्हणून सुनंदाच्या नवऱ्याने, प्रल्हादने, तिला तिकडे नेलं होतं.

“काझीपेठ म्हणजे तेलंगणात ना?”

“हो. का व?”

हेमांगी आणि मॅडमनी एकमेकींकडे पाहिलं. बाई मराठी बोलते म्हणून सगळ्यांनी तिला महाराष्ट्रातच शोधलं होतं. बस स्टँडवर सापडली म्हणून ती बसनेच आली असं धरलं होतं. रेल्वेवाल्याच्या आईला कुठे जायचं असेल, तर ती गाडीतच बसणार, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि परभणीचं स्टेशन बस स्टँडपासून चालत जाण्याइतकं जवळ होतं.

“आई, सुनंदाकाकूंना फोन कर. जपून विचार हं, एकदम काही सांगू नकोस. आपली चूकही असू शकते.”

फोन ठेवायच्या आधी आईने विचारलं, की एवढं सगळं आपल्या दह्यावरून कळलं, तर तुझ्या हातावर आपलं घर किती दिसलं? हेमांगीला खोटं बोलता आलं नाही.

“मग ये ना चार दिवस,” आई म्हणाल्या. “हाताचं काय, परत लागेल.”

मॅडमनी सांगितलं, की काझीपेठहून उत्तर येईल किंवा येणार नाही, पण शेरा मान्य करायचा की नाही ते आत्ताच ठरवावं लागेल, कारण संध्याकाळी नोंद बंद होते. एकदा नमुना रद्द झाला, की नंतर कोणी दारात उभं राहिलं, तरी त्यांच्या घराशी जुळवून बघायला काही उरणार नाही. आपल्याला पटलं असलं, तरी शेरा अमान्य केला की नियमाने चौकशी बसेलच, तिथे आपण मध्ये पडू शकणार नाही. हेमांगीने विचारलं, की आपण बरोबर असलो तरी पुण्याची नोकरी जाईल का. मॅडम म्हणाल्या, बहुतेक जाईल.

तिने ‘अमान्य’वर बोट ठेवलं. नमुना राखून ठेवला गेला.

मग बाबांना सांगायचं काम उरलं. तिने सगळं एका दमात सांगून टाकलं, मध्ये त्यांनी काही म्हणू नये म्हणून. शेडमध्ये मागे कोणीतरी हातोडा मारत होतं. तिला त्यांनी वाटलेले पेढे आठवले. बाबांनी कंपनी खरंच थांबणार नाही का, असं एकदाच विचारलं. ती नाही म्हणाली.

“बरं,” ते म्हणाले. मग हातोड्यापासून लांब जात, “त्या बाईचं काही कळलं, तर मला सांग. प्रल्हाद माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा आहे.”

आईचा फोन रात्रीच्या जेवणाआधी आला. सुनंदाने ‘आई’ एवढा शब्द ऐकला आणि ती सगळं सांगत सुटली. सासूबाई मागच्या आठवड्यात एका दुपारी फाटकातून बाहेर पडल्या होत्या. काझीपेठच्या पोलिसांत तक्रार होती, तेलुगूतून. प्रल्हाद रोज ड्यूटी संपल्यावर एकेक स्टेशन पालथं घालत होता, पण दक्षिणेकडे. त्यांना वाटलं होतं, त्या विजयवाड्याच्या गाडीत बसल्या असतील. त्यांचं नाव सरूबाई.

रविवारी दुपारी तायडे नवराबायको परभणीला उतरले. नियमाप्रमाणे आधी महाविद्यालयात आले, कारण नुसतं ‘ही माझी आई’ म्हणून कोणाला कोणाच्या ताब्यात देत नाहीत. वाघमोडे मॅडमनी स्वतः त्यांच्या हातांचे नमुने घेतले. हेमांगीला त्यांनी लांब उभं केलं. सुनंदाने घरच्या ओट्याचा बोळाही आणला होता. हेमांगीने फोनवर सांगितलं होतं तसा, उकळलेल्या पाण्यात धुतलेल्या बाटलीत. बाटली तिने सबंध प्रवासात मांडीवर धरली होती.

‘संगत’ने सरूबाईंचा राखून ठेवलेला पहिला नमुना आणि तायड्यांचं घर जुळवलं. ओटा, दही, सुनंदाचा हात, प्रल्हादचा हात, एकेक रेघ भरत गेली. या वेळी निकाल कुठल्याही चुकीच्या नावावर गेला नाही. मॅडमनी पूर्ण अहवाल शेवटपर्यंत वाचला आणि मग सही केली.

रुग्णालयात जाताना रिक्षात सुनंदा सारखी बोलत होती. कडी लावायची मीच विसरले, सगळे म्हणतात तुझी चूक नाही, पण कडी मीच विसरले. प्रल्हादची दाढी वाढली होती आणि बुटांना कुठल्या कुठल्या फलाटांची धूळ होती.

वॉर्डाच्या दारात पोलीस हवालदार थांबले होते. कागद बघून त्यांनी मान डोलावली, पण आजींनाही एकदा विचारावं लागतं, असं म्हणाले. ते खाटेजवळ वाकले.

“आजी, हे कोण आलेत? ओळखलं का?”

सरूबाईंनी मुलाकडे पाहिलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्यांनी त्याचं कपाळ पाहिलं, दाढी पाहिली, हात पाहिले.

“नाही,” सरूबाई म्हणाल्या. “माझ्या ओळखीचा नाही.”

सुनंदाने पदर तोंडाशी धरला. प्रल्हाद खाली बघत राहिला. यंत्राने शोधायचं होतं ते शोधलं होतं. यापुढचं त्याच्या हातात नव्हतं. हेमांगीला हे वर्गात कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवून कळलंही नसतं. पुण्याला गेलो असतो तर ही वेळ आपल्यावर आली नसती, असं तिच्या मनात आलं. आणि बेवारस माणसांची घरं शोधणारा एक सरकारी कक्ष होता, तिथे निम्म्या पगारावर गेलो, तर ही वेळ आपल्यावर पुन्हा पुन्हा येईल, हेही तिला दिसलं. त्या कक्षासाठी अर्ज करायचं तिने तिथेच, भिंतीला टेकून उभी असताना ठरवलं.

हवालदार कागदावर काय लिहावं याच्या विचारात पडले. तेवढ्यात सरूबाईंनी त्यांच्या बाहीला हात लावला.

“त्याला उभं नका करू,” त्या म्हणाल्या. “लांबून आलाय तो. पाय दुखत असतील.”

आणि त्या खाटेवर भिंतीकडे सरकल्या. आधी थोड्या, मग आणखी थोड्या, एक माणूस नीट बसेल एवढी जागा होईपर्यंत. प्रल्हाद तिथे बसला. त्यांनी आपल्या अंगावरची चादर ओढून तिचं एक टोक त्याच्या गुडघ्यांवर घातलं आणि ते नीट बसलंय ना, हे तळव्याने दाबून पाहिलं.